मिठागरापासून मतपेटीपर्यंत

'लोकमत फिरले' हे शब्द आपण किती सहज बोलतो! काल ज्याच्या गळ्यात हार पडत होते त्याच्या सभेत आज चपला पडल्या, की आपण म्हणतो, लोकमत फिरले हो! जणू काही वाराच फिरला. पण वारा फिरतो तेव्हा त्यात कुणाचा विचार नसतो. लोकमत फिरते तेव्हा हजारो माणसांनी आपापल्या घरी, आपापल्या कामावर काहीतरी ठरवलेले असते. ते काय ठरवतात, कधी ठरवतात, आणि ठरवल्यावरही किती वर्षे गप्प बसतात, हे एका खऱ्या उदाहरणावरून तुमच्यापुढे मांडायचे आहे. उदाहरण मुंबईचे आहे आणि पुढारी आहेत सदाशिव कानोजी पाटील, म्हणजे स. का. पाटील. पण सुरुवात करायची ती वडाळ्यापासून.

वडाळा तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल ते तिथल्या विठोबामुळे. आषाढीला ज्यांना पंढरी गाठता येत नाही असे गिरणगावातले, दादर-परळकडचे लोक वडाळ्याच्या देवळासमोर रांग लावतात. मुंबईकर त्याला प्रतिपंढरपूरच म्हणतात. याच वडाळ्याच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला मिठागरे होती. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि मुंबईच्या लोकांना वाटले, आपल्या दाराशीच तर मीठ आहे! मे महिन्यात सत्याग्रहींच्या तुकड्या वडाळ्याच्या मिठागरांवर जाऊ लागल्या. १ जूनला तर सुमारे पंधरा हजार लोक जमले. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकापाशी पोलिसांनी कडे केले होते. ते कडे मोडून माणसे चिखलातून धावत मिठावर गेली. त्यांत बाया होत्या, मुले होती. लाठ्या चालल्या, घोडेस्वार अंगावर आले. तरी लोकांनी मूठ मूठ मीठ नेले.

आता विचार करा. एवढ्या माणसांना मूठभर मिठाची काय किंमत? वाण्याकडे ते पैशा-दोन पैशांना मिळत होते. पण आपण म्हणतो ती गोष्ट कोणीतरी ऐकली पाहिजे, ही त्यामागची ओढ होती. त्या वेळी ती ओढ ज्यांनी ओळखली, जे लोकांच्या पुढे उभे राहिले आणि तुरुंगात गेले, त्यांची पत लोकांत तयार झाली. पत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. गावच्या सोसायटीत माणसाची जशी पत असते तशी पुढाऱ्याचीही असते. ती सावकाश जमते, आणि एकदा जमली की तिच्यावर पुष्कळ दिवस काढता येतात.

स. का. पाटलांची पत अशीच जमलेली होती. माणूस कोकणातला, सावंतवाडीकडचा. स्वातंत्र्याच्या चळवळीत अनेकदा तुरुंगात गेलेला. मुंबई प्रांतिक काँग्रेस कमिटीचे ते वर्षानुवर्षे चिटणीस होते आणि १९४६ पासून अध्यक्ष. १९४९ ते १९५२ या काळात तीनदा मुंबईचे महापौर झाले. संघटना बांधावी त्यांनीच, निवडणुकीसाठी पैसा उभा करावा त्यांनीच. लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत. आडनावाने पाटील आणि रुबाबानेही पाटील, असे म्हटले तरी चालेल. १९५२ साली ते दक्षिण मुंबईतून लोकसभेवर गेले.

मग आले १९५५ साल. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर पडला. मराठी माणसाचे म्हणणे साधे होते, की मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्यात असावी. आयोगाने गुजरातसह मोठे द्विभाषिक राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवला. त्यावर काँग्रेसश्रेष्ठींनी तोडगा काढला तीन राज्यांचा: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर वेगळे.

पाटलांना मुंबई वेगळी हवी होती. न्यायाने बोलायचे तर त्यांच्या म्हणण्यात काहीच अर्थ नव्हता असे नाही. मुंबईत गुजराती होते, पारशी होते, दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे लोक होते, व्यापार आणि भांडवल पुष्कळसे अमराठी हातांत होते. हे शहर साऱ्या देशाचे आहे, असे अनेक शहाण्या माणसांनाही वाटत होते. मतभेद असणे हा गुन्हा नव्हे. पण मत सांगण्याची एक रीत असते, आणि पुढारी घसरतो तो बहुधा तिथेच.

२० नोव्हेंबर १९५५, रविवार. गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची सभा होती. वक्ते दोन, पाटील आणि राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. समोर अफाट गर्दी. पाटील बोलले त्यातले लोकांच्या लक्षात राहिले ते असे, की पाच हजार वर्षे गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजींचे बोल सांगतात ते असे, की काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही. सभा उधळली. दगड आले, चपला आल्या, आणि दोघांनाही पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर पडावे लागले.

हे मोरारजी कोण होते? १९३० साली, वडाळ्याच्या मिठागरांवर लोक धावत होते त्याच वर्षी, सरकारी डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून चळवळीत आलेले गृहस्थ! आणि त्यांच्यापुढे वाळूत बसलेल्या लोकांत कितीतरी जण तीसच्या आणि बेचाळीसच्या चळवळीत लाठ्या खाल्लेले असणार. पंचवीस वर्षांपूर्वी दोघेही एका बाजूला होते. आता व्यासपीठावरून उत्तर आले ते, तुमच्या म्हणण्याला पाच हजार वर्षांत किंमत येणार नाही, अशा अर्थाचे. तुमच्या गावात सरपंचाने विहीर दुसऱ्या वाडीला दिली तर तुम्ही रागवाल, भांडाल, पुढच्या वर्षी पुन्हा मागाल. पण तो म्हणाला, 'तुमच्या वाडीला सात पिढ्यांत विहीर मिळणार नाही', तर? मग भांडण विहिरीचे राहत नाही. मराठी माणसाचे त्या संध्याकाळी असेच झाले. त्यातून बोलणारा एक जण आपलाच, कोकणातला. परक्याचा शब्द कानावरून जातो, घरच्याचा काळजाला लागतो.

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, मुंबईत हरताळ पडला. कामगारांचे लोंढे फोर्टाकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. रेडिओ त्या काळी घरोघर नव्हता. इराण्याच्या हॉटेलात, चाळीतल्या एखाद्याच खोलीत असायचा. पण तासाभरात बातमी सगळीकडे झाली. पुढचे काही दिवस गिरगावात, लालबाग-परळला, दादरला पुन्हा गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे म्हणून १०५ नावे मोजली गेली. ती यादी पुढे आणखी थोडी वाढली. ज्या चौकात पहिली माणसे पडली त्याला आपण आज हुतात्मा चौक म्हणतो.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. राग आला, बरोबर. पण राग येणे आणि लोकमत तयार होणे या दोन गोष्टी एक नाहीत. राग चार दिवसांत उतरतो. तो टिकला कसा?

तो टिकला, कारण त्याला वाहून नेणारी माणसे आणि जागा होत्या. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तिच्यात एकत्र बसले. एस. एम. जोशी होते, कॉम्रेड डांगे होते, प्रबोधनकार ठाकरे होते, सेनापती बापटांसारखा म्हातारा तपस्वी होता. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी डफ हातात घेतला. १५ नोव्हेंबर १९५६ पासून आचार्य अत्र्यांचा 'मराठा' रोज सकाळी निघू लागला. आणि या सगळ्यांच्या खाली होती चाळ. एका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीवाला उठे तेव्हा दिवसपाळीवाला अंथरुणावर पडे, आणि मध्ये जो वेळ मिळे त्यात पेपर मोठ्याने वाचला जाई. खाणावळीत, भजनी मंडळात, गिरणीच्या गेटवर तेच बोलणे. गणपती-शिमग्याला हीच माणसे बोटीने कोकणात, एस.टी.ने घाटावर जात. गावाकडे मनिऑर्डर जायची, तिच्या मागोमाग मुंबईची हकिकतही जायची. साताऱ्याच्या एखाद्या वाडीला चौपाटीची सभा कळली ती अशी, मुलाच्या आणि भावाच्या तोंडून.

१९५७ च्या निवडणुकीत हे सगळे बाहेर आले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले, मध्य मुंबईतून डांगे. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना पाडले. मला गाडगिळांचे फार वाईट वाटते. त्यांनी लोकसभेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू तळमळीने मांडली होती. त्यांचा दोष एवढाच, की ते काँग्रेसमध्ये राहिले. लोकमत फिरले की सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

आणि स. का. पाटील? ऐकून नवल वाटेल, ते निवडून आले! १९५७ साली आले आणि १९६२ सालीही आले.

शाळेत हा इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींनी या ठिकाणी जरा थांबावे असे मला वाटते, कारण पुस्तकात चौपाटीच्या चपलांनंतर एकदम विजयाचा दिवस येतो. पाटलांचा मतदारसंघ होता दक्षिण मुंबईचा. वडाळा त्याच्या बाहेर राहिले. तिथे व्यापारी पेठा होत्या, गुजराती, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती वस्ती मोठी होती, आणि त्यातल्या पुष्कळांना पाटलांचे म्हणणे पटत होते. गिरणगाव त्यांच्यावर कितीही संतापले तरी गिरणगावाचे मत त्यांच्या पेटीत पडत नव्हते. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्या कामासाठी समिती होती ते काम झाले, आणि तिचे घटक पक्ष आपापल्या वाटेने पांगले. म्हणजे बघा, पुढारी लोकांच्या मनातून उतरलेला आहे, पण त्याला खुर्चीवरून उतरवील असे दुसरे कोणी समोर नाही. अशा अवस्थेत पुढारी पुष्कळ वर्षे राहू शकतो. आणि राहतो म्हणूनच त्याला वाटते, की आपले काहीच बिघडलेले नाही. भोवतालची माणसे तेच सांगत असतात. मिठागरात पाणी आटत असते तेव्हा वरून पाणीच दिसते, तळाशी मीठ धरलेले दिसत नाही.

याच काळात दुसऱ्या एका पुढाऱ्याची गोष्ट घडत होती. यशवंतराव चव्हाणांवरही लोक तितकेच चिडलेले होते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची तर मी नेहरूंना निवडीन, अशा अर्थाचे ते फलटणला १९५५ च्या डिसेंबरात बोलले होते, आणि ते त्यांना फार महाग पडले. १९५६ च्या नोव्हेंबरात मोरारजी दिल्लीला गेले आणि द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री चव्हाण झाले. १९५७ ला कराडात ते निसटत्या मतांनी वाचले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने वाटेवर प्रचंड मोर्चा उभा केला. चव्हाणांना तो मोर्चा पोलिसांकडून मोडता आला असता. त्यांनी तो होऊ दिला. निदर्शने शांततेने झाली आणि नेहरूंनी आपल्या डोळ्यांनी माणसे पाहिली. पुढे द्विभाषिक टिकत नाही हे दिल्लीला पटवण्यात चव्हाणांचा वाटा होता. महाराष्ट्र झाला तेव्हा लोकांनी त्यांनाच पहिला मुख्यमंत्री म्हणून मान दिला. फलटणचे बोलणे लोक विसरले नव्हते, पण माणूस ऐकतो आहे हे त्यांनी पाहिले होते.

पाटील आता दिल्लीत मंत्री होते. १९५९ पासून त्यांच्याकडे अन्न आणि शेती खाते होते. महाराष्ट्र राज्य होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा, ४ मे १९६० ला, त्यांनी वॉशिंग्टनला अमेरिकेशी धान्याचा करार केला: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. हाच तो पी.एल. ४८० चा गहू. त्या धान्याने पुष्कळांची पोटे भरली, हे मान्य करायलाच हवे. पण रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई आभार मानत नाही. ती म्हणते, आमच्या देशात आम्हाला पिकत का नाही? पुढे तांबडी मिलो आली. ज्यांनी तिच्या भाकरी खाल्ल्या त्यांना तिची चव विचारा! १९६३ साली कामराज योजनेत पाटलांनी मंत्रिपद सोडले, १९६४ ला पुन्हा मंत्री झाले ते रेल्वेचे. मुंबईत लोकलच्या दाराला लोंबकळत जाणाऱ्याला रेल्वेमंत्री कोण हे निराळे सांगावे लागत नाही. १९६५ आणि १९६६, दोन वर्षे पाऊस रुसला. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. भाव चढले. यात पाटलांचा स्वतःचा दोष किती? दुष्काळात तर मुळीच नाही, आणि अन्नखाते तर त्यांनी केव्हाच सोडलेले होते. पण लोक वहीखाते उघडून हिशेब करत नाहीत. ज्याची पत आहे त्याला दुष्काळात सांभाळून घेतात. ज्याची गेली आहे त्याच्या नावावर पावसाचाही दोष टाकतात.

आणि आता समोर माणूसही आला. जॉर्ज फर्नांडिस. गंमत पाहा, वडाळ्याच्या मिठागरांवर पंधरा हजार लोक चालून गेले त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ जून १९३० ला, हा मंगळूरला जन्मला. तरुणपणी मुंबईत आला, गोदीतल्या कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाला, टॅक्सीवाल्यांच्या आणि महापालिकेच्या कामगारांच्या संघटना बांधल्या, १९६१ ला नगरसेवक झाला. १९६७ च्या निवडणुकीत संयुक्त समाजवादी पक्षाने त्याला दक्षिण मुंबईत उभे केले. पाटलांपुढे हा पोर काय टिकणार, असेच जाणते लोक म्हणत.

एक हकिकत सांगतात. पाटलांना कोणी विचारले, तुम्ही हराल काय? ते म्हणाले, देवसुद्धा मला हरवू शकणार नाही. झाले! फर्नांडिसांच्या कार्यकर्त्यांनी भिंती रंगवल्या: देव हरवू शकणार नाही, पण तुम्ही हरवू शकता. हकिकत शब्दशः खरी असो की नसो, लोकांनी ती खरी मानली, कारण बारा वर्षांपूर्वीचे 'पाच हजार वर्षे' त्यांच्या कानात होते. आवाज तोच होता.

फर्नांडिस निवडून आले. पण त्यांना मते किती पडली? शंभरांत साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे निम्म्याहून कमीच! लोकमत फिरते म्हणजे सगळे गाव एका रात्रीत उलटे होते अशी समजूत असेल तर हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. पाटलांच्या बाजूची पुष्कळ माणसे शेवटपर्यंत त्यांच्याच बाजूला राहिली. काठावरची हलली, आणि तेवढे पुरले. शिवाय त्यांना पाडणारा मराठी नव्हता, मतदारसंघही बहुरंगी होता. तेव्हा हा चौपाटीचा सूड होता असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. त्याच निवडणुकीत तमिळनाडूत खुद्द कामराज विरुदुनगरला एका विद्यार्थी पुढाऱ्याकडून हरले, आणि तिथे मुंबईचा प्रश्न नव्हता. दूरचे पाहायचे तर १९४५ साली इंग्लंडला युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलसाहेबांना तिथल्या लोकांनी त्याच वर्षी घरी बसवले. त्यांच्यावर कोणी चप्पल फेकली नव्हती, उलट टाळ्याच वाजवल्या होत्या. पण घर, नोकरी, दवाखाना यांबद्दल ते आपले ऐकतील असे लोकांना वाटले नाही.

पाटलांना मुंबईने पुन्हा कधी निवडून दिले नाही. १९६९ च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेत परत आले ते गुजरातमधल्या बनासकांठ्यातून. त्याच वर्षी काँग्रेस फुटली आणि ते जुन्या काँग्रेसबरोबर राहिले. १९८१ साली ते वारले.

राहिले मोरारजी. १९७५ साली आणीबाणी आली आणि ते तुरुंगात गेले. फर्नांडिसही तुरुंगात होते. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, आणि मुंबईने लोकसभेच्या साऱ्या जागा काँग्रेसविरोधी उमेदवारांना दिल्या. निवडून आलेल्यांत मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या. अहिल्याबाई तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या. मोरारजींना मत द्या म्हणून मुंबईत कोणी मागितले नसते, आणि मागून मिळालेही नसते. लोकांनी आणीबाणीला नाही म्हटले होते. पण त्या मतांच्या बळावर जे सरकार आले त्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई झाले, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस मंत्री झाले.